ओली आत्या

आमच्या आत्याइतकी स्वच्छ बाई अख्ख्या सिंदी रेल्वे गावात नसेल. दिवसातून चारदा लुगडं बदलायची. तरी कुणाकडे गेली की टेकायची नाही. "उभीच बरी बाप्पा," म्हणून चौकटीला धरून गप्पा मारायची. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. लघवीला नीट जाऊनही तिला जन्मापासून दिवसभर थेंब थेंब गळायचं. याच पायी सासरच्यांनी दोन महिन्यांत तिला माहेरी आणून सोडलं होतं.

तिला 'ओली आत्या' हे नाव मी ठेवलं. होय, मीच. शाळेत होतो, चार लोक हसले, मला वाटलं, काय डोकं आहे आपलं! नाव गावभर झालं. तीच आत्या मी पावसात भिजून आलो की डोकं पुसून द्यायची, "वल्या कपड्यानं राहू नोको रे गज्या, त्याचा तरास मले इचार."

मागच्या वर्षी तिच्या पाठीत कळा यायला लागल्या, म्हणून तिला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडी नवी होती. सीटवर मी जाड प्लास्टिक अंथरलं आणि वर म्हणालो, "धूळ हाय, आत्या." ती मुकाट्यानं बसली.

डॉक्टरीण बाईंनी तपासण्या करून सांगितलं, एका मूत्रपिंडाला जन्मतः दोन नळ्या आहेत आणि त्यातली एक मूत्राशयात न जाता खाली भलतीकडेच उघडते. "लहानपणीच बरं झालं असतं. कुणी दाखवलं नाही?"

"घरचे कामात राह्यचे," आत्या म्हणाली. साठ वर्षं कामात! धडधडीत खोटं, आमची अब्रू झाकायला.

ऑपरेशन रोबोटनं होणार, डॉक्टर बाजूला बसून त्याचे हात चालवणार, हे ऐकून ती खूश झाली. "बरं हाय बाप्पा, मशीनले किळस नाई येत." मग हळूच म्हणाली, "मले चार बायांत मांडी घालून बसाचं हाय, बस."

वाट चुकलेली नळी शेजारच्या नळीला जोडली. महिन्याभरानं तपासणी झाली. गळणं साफ थांबलं होतं. परतताना तिनं स्वतःच प्लास्टिक काढून घडी घातली आणि ऐटीत पुढे बसली. सेलू येईस्तोवर तिचं तोंड बंद नव्हतं. आयुष्यात तिला इतकं मोकळं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

घरी ती उतरली. आणि मी मेल्यानं काय करावं? तिच्या सीटवर हात फिरवून पाहिला.

मान वर केली, तर पिशवी राहिली म्हणून आत्या परत आलेली.

"कोरडी हाय नं रे?"

तिनं पिशवी घेतली आणि आत गेली.

आता ती तपासणीला एसटीनं जाते. दोन बायांच्या मधल्या सीटवर दाटीवाटीनं बसते म्हणे. गाडी काढतो म्हणून किती विनवलं, पाय धरायचे तेवढे राहिले. रागावत नाही, फक्त म्हणते, "नाई रे गजू. तिथं मले कोनी वळखत नाई."