देवीच्या साडीचं दुपटं

त्या दुपारी मी देवीला मनातल्या मनात शिव्या घालत होते. बाळ सहा दिवसांचं, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडाखाली ठेवलेलं, हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये कावीळ आणखी चढली तर रक्त बदलावं लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. एवढ्याशा जिवाचं रक्त बदलायचं! सात वर्षं तुझ्या पायरीवर डोकं टेकलं ते यासाठी का गं, असं मी तिला विचारत होते.

काविळीचं कारण सकाळीच कळलं होतं. रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं जी-सिक्स-पी-डी नावाचं एक एन्झाइम असतं, ते बाळात फार कमी होतं, म्हणून पेशी फुटून कावीळ चढत होती. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आईजवळ दोन एक्स, म्हणून एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलाजवळ एकच, आणि तो आईकडून आलेला. डॉक्टरांना कोणाला दोष द्यायचा नव्हता. सासूबाईंनी मात्र तेवढंच उचललं.

"म्हंजे तिच्या माहेरचं हाय हे. आमच्याकडं कोनाले काई नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जास्त राग याचा, की त्यांचं खरं असावं. माझा एक मामा तान्हा असतानाच पिवळा पडून गेला होता, हे मी आईकडून ऐकलेलं होतं. डॉक्टरांनी टाळायच्या वस्तूंची इंग्रजी यादी हातात दिली. औषधांची लांबलचक नावं आणि तळाशी 'नॅप्थॅलीन'. तेही औषधच असेल समजून मी कागद पर्समध्ये कोंबला.

दर दोन तासांनी सिस्टर बाळाला पाजायला आणून देत. हॉस्पिटलचं पांढरं फडकं बाजूला सारून मी त्याला देवीच्या दुपट्यात गुंडाळायची. लग्नानंतर देवळातून प्रसादाची साडी मिळाली होती. ती मी कधी नेसले नाही, ट्रंकेत जपून ठेवली आणि बाळंतपणाआधी अर्ध्या साडीची दुपटी शिवली. न धुता. प्रसाद कोणी धुतं का! बाळ जास्त पिवळं दिसलं की मी दुपटं आणखी घट्ट लपेटायची.

पाजायच्या खोलीत काटोलकडची एक म्हातारी सुनेजवळ बसलेली असे. त्या दुपारी तिने नाकाला पदर लावला.

"अवं बाई, डांबरगोळीचा वास येऊन राहिला तुह्या दुपट्याले. मले त मळमळून राहिलं. लेकराच्या नाकाशी काहून धरतं?"

"देवीचं वस्त्र आहे ते! त्रास होत असेल तर तिकडे सरका."

ती कसली सरकते. "देवीले डांबरगोळीचा वास येते काय?" म्हणाली, आणि दोन बोटांनी दुपटं ओढून काढून बाळावर पांढरं फडकं टाकलं.

मी इतकी चिडले की तक्रार करायला सिस्टरला हाक मारली. सिस्टरनं दुपटं हुंगलं आणि तिचा चेहराच उतरला. "ताई, यादी वाचली नाही का? नॅप्थॅलीन म्हणजे डांबरगोळ्याच ना!"

माय वं! साडीला कसर लागू नये म्हणून दरवर्षी ट्रंकेत नव्या गोळ्या टाकणारी मीच. जनुक माझं आणि गोळ्याही माझ्याच. सकाळपासून ज्याच्या-त्याच्यावर धरलेला राग माझ्याच अंगावर आला, आणि मी बाळाला धरून सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले.

संध्याकाळी आकडा चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो उतरायला लागला. रक्त बदलावं लागलं नाही. उजेडाचा उपयोग झाला आणि ते दुपटं वेळेवर निघालं, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यात वाद घालत नाही. म्हातारीची माफी मागायला गेले तर सुनेला सुट्टी झालेली, पलंगावर नवी चादर. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

हुडकेश्वरला घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, भांडायची तयारी ठेवूनच. त्या म्हणाल्या, "म्या बी त दरसाल टाकतो वं गोळ्या. माह्या हातून झालं असतं त?" आणि उठून घरातली कपाटं उपसायला लागल्या.

उरलेली अर्धी साडी मी धुतली, गच्चीवर कितीतरी दिवस उन्हात टाकली. आता ती देवघराच्या वरच्या फळीवर उघडीच असते. मागच्या आठवड्यात तिला कसरीनं पाडलेलं भोक दिसलं. पूर्वी जीव गेला असता माझा. आतल्या खोलीत बाळ भुकेनं बोंबलत होतं. मी हात जोडले. म्हटलं, तुझ्या साडीचं तुझं तू बघ गं बाई, मला लेकराला पाजायचं आहे.