गिल्दोच्या नावाचा चुना

आमच्याकडे मुलगा झाला की बाप आधी चुन्याच्या भट्टीकडे जातो, पाद्रीबाबांकडे मागाहून. कळीचा चुना आणायचा, परसातल्या खड्ड्यात पाण्यात विरवायचा, वर वाळूचा जाड थर ओढायचा आणि विसरून जायचं. पोरगा मोठा होत राहतो, चुना मुरत राहतो. पोरगा धंदा शिकला की त्याच्या पहिल्या स्वतःच्या कामाला तो खड्डा उघडायचा. मेदूना नदीच्या काठी आमचं गाव, तिथे शेती कसली, नुसते गोटे. त्या गोट्यांवरच आमच्या लोकांनी पोट भरलं. चुन्यात विटकरीचा चुरा कालवून कोबा धुमसायचा, वर संगमरवराची खडी पेरायची, रूळ फिरवायचा आणि महिनाभराने घासून घासून अशी जमीन काढायची की नातवंडांची नातवंडं तिच्यावर नाचली तरी ओरखडा नाही. टेराझो म्हणतात तो हाच.

सांते याच धंद्यातला. उंच, हाडकुळा, बोलायला कंजूष आणि हट्टी तर इतका की विचारू नका. गिल्दो झाला तेव्हा त्याने एवढा मोठा खड्डा भरला, की शेजारचा उस्तीन, तोही कोबेवालाच, कुंपणावरून म्हणाला होता, "एका पोरासाठी भरतोयस की पलटणीसाठी?" पुढे गावात कुणाच्या चुन्याची गोष्ट निघाली की गिल्दोच्या चुन्याचं नाव आधी निघायचं. सांते वरवर दुर्लक्ष करायचा, पण कान तिकडेच असायचे.

मग युद्ध आलं. गिल्दोला जर्मनांनी कैदी करून नेलं आणि त्या शेवटच्या हिवाळ्यात सांतेची बायको इर्मा अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाला, दूध द्या, अंडी द्या, मटणाचा रस्सा द्या. घरात मक्याचं पीठसुद्धा डब्याच्या तळाला लागलेलं. अशात खालच्या मुलखातला एक गाडीवान मुरलेला चुना शोधत दारात आला. सांतेने त्याच रात्री खड्डा उपसला. बदल्यात एक दुभती शेळी आली, दोन कोंबड्या आल्या, पिठाचं एक पोतं आलं. इर्मा काही दिवस बरी दिसली, उठून बसली, आणि बर्फ वितळायच्या आत गेली. गाडीवान पुन्हा कधी इकडे फिरकला नाही.

सांतेने रिकाम्या खड्ड्यात माती लोटली, वर वाळू पूर्वीसारखी सारखी केली आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. मी म्हणतो, यात लपवण्यासारखं काय होतं? बायको मरत असताना माणूस घराचं छप्परही विकेल. चारचौघांत सांगितलं असतं तर लोकांनी डोळेच पुसले असते. पण त्याला वाटलं, पोराच्या जन्माची ठेव आपण खाल्ली आणि जिच्यासाठी खाल्ली तीही हाती लागली नाही. आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मूग गिळून बसला, तो बसलाच.

गिल्दो कैदेतून आला तो सापळा होऊन. गावात काम नव्हतं, म्हणून आमच्या बाकीच्या पोरांसारखा तोही बेल्जियमला कोळशाच्या खाणीत गेला. नाताळला यायचा, खोकत यायचा. एकदा म्हणाला होता, खाली बसायलासुद्धा जागा नसते बाबा, कुशीवर पडून खणायचं, आणि वरचा डोंगर रात्रभर कुरकुरत असतो. पुढे काही बोलला नव्हता. मग एका शरद ऋतूत त्याने निरोप धाडला: ईस्टरला येतोय, कायमचा. आता आपला धंदा करणार. खड्डा उघडू.

सांतेचं धाबं दणाणलं. तो उठला तो जवळच्या भट्टीवर गेला आणि मिळेल तो चुना घेऊन आला. त्या खेपेचा घाणा जास्त भाजलेला निघाला होता, म्हणून तर लगेच मिळाला. असा चुना लवकर विरत नाही. वरून लोण्यासारखा दिसतो, पण आत न विरलेले कण दडून राहतात आणि पुढे कधीतरी ओल लागली की फुगून फुटतात. हे सांतेला कळत नव्हतं असं नाही. त्याला वाटलं, पोरगा आला तरी लगेच थोडंच काम मिळणार आहे, दोनचार वर्षं जातील, तोवर मुरेल. धुकं दाट होतं त्या दिवसांत, कुणाच्या नजरेस न पडता, त्याने माती काढून खड्डा भरला, तोही पुरता भरला नाही.

आणि नशीब बघा, गिल्दो आला आणि महिन्याच्या आत काम चालून आलं. खालच्या शहरात औषधवाल्याची विधवा एल्विराबाई होती, तिला दिवाणखान्याची जमीन करून हवी होती. तिचा भाऊ स्टेशनमागे घरांची ओळ उठवत होता. बहिणीची जमीन पसंत पडली तर त्या सगळ्या घरांचं काम गिल्दोला, असं त्याने बोलून दाखवलं.

"हे जमलं तर मी इथेच राहीन, बाबा," गिल्दो जेवताना म्हणाला. "नाही जमलं तर परत खाली."

खाली म्हणजे खाणीत, हे सांगायची गरज नव्हती. सांतेने ताट बाजूला सारलं.

त्याने परोपरीने सांगून पाहिलं. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. हवा बरोबर नाही. तुझा हात बसलेला नाही. शेवटी म्हणाला, उस्तीनकडचा चुना माग, त्याच्याकडे भरपूर आहे. गिल्दो हसला. माझ्या जन्माचा चुना परसात असताना मी काकांपुढे हात पसरू? लोक काय म्हणतील? मग हसू मावळलं आणि तो हळूच म्हणाला की तुम्हाला मी इथे नको असेन तर तसं सांगा. आता तरी बोलायचं की नाही? एका वाक्याचं काम होतं. उस्तीनने शिव्या घालत का होईना, हवा तेवढा चुना दिला असता. पण सांतेने घमेलं आणि फावडं उचललं. म्हणाला, "मी देतो उपसून. तू खड्ड्याकडे येऊ नकोस, तुला खोकला आहे."

त्यानंतर तो माणूस जे राबला ते बघवत नव्हतं. इर्माची पिठाची चाळणी काढली आणि घमेलंन् घमेलं तिच्यातून गाळलं. हाताची सालं निघाली, डोळे लालभडक झाले. गाळलेला चुना पुन्हा गाळायचा. गिल्दो येता-जाता बघायचा आणि त्याचा ऊर भरून यायचा, की आपल्या कामासाठी बाप एवढा झिजतोय. जन्माच्या चुन्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही, मग त्याच्या कसं येणार?

कोबा धुमसून झाला. वरच्या थराची वेळ आली तेव्हा चुना कमी पडला. गिल्दो एका संध्याकाळी घरी आला तो खाली मान घालून. शहरातल्या दुकानातून कळीच्या चुन्याचं एक पोतं आणलं, म्हणाला, तिथल्या तिथे विरवलं आणि आपल्याच चुन्यात कालवलं. थांबलो असतो तर थर वाळून गेला असता. चुकलं का माझं?

आता मी जे सांगतो ते सांतेला शोभणारं नाही, पण खरं आहे. त्याला हायसं वाटलं. छातीवरचा दगड जरासा सरकला. उद्या काही झालंच तर त्या पोत्यावर जाईल, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि तो म्हणाला, "एका पोत्याने काय होतंय?"

उन्हाळ्यात घासणी झाली. लांब दांड्याला जड दगड बांधलेला असतो, त्याला आमच्याकडे अस्वल म्हणतात. ते अस्वल पाणी ओतत, वाळू टाकत पुढेमागे ओढायचं. गिल्दो दम लागून भिंतीला टेकायचा आणि पुन्हा ओढायचा. वरची करडी साय निघाली आणि खालून पिवळा, तांबडा, काळा दाणा वर आला. मग कोमट जवसाचं तेल पाजलं. एल्विराबाईने चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी एक फेरी मारली. भावाने गिल्दोच्या खांद्यावर हात ठेवला, थंडी सरली की आमची घरं सुरू करू म्हणाला. उस्तीनसुद्धा मुद्दाम बघून आला आणि सांतेला म्हणाला, "पोरगं तुझ्या वरचढ निघालं रे." त्या दिवशी गिल्दो गात घरी आला. त्याला गाताना गावाने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

सांतेचं मात्र जेवण तुटलं. दर आठवड्याला तो तेल लावायच्या निमित्ताने शहरात जायचा. गुडघ्यांवर बसून तळहात फिरवायचा. बाईला वाटायचं, काय माया आहे कामावर.

पावसाळी हवा सुरू झाली आणि पहिली पुळी उठली. मसुराएवढी. दुसऱ्या दिवशी फुटली, आत पांढरा ठिपका. सांतेने ती कोरली, मेण आणि दगडाची पूड भरली. पुढच्या खेपेला पाच होत्या. तो भरत गेला, त्या उठत गेल्या. शेवटी त्या एकट्या माणसाला आवरेनात. बाई म्हणाली, संध्याकाळी शांत बसलं की जमीन टिकटिक करते हो, मला भीती वाटते. भाऊ आला, वाकून पाहिलं आणि निघून गेला. आठ दिवसांत कळलं की घरांचं काम दुसऱ्याला गेलं.

गिल्दोने ती जमीन पाहिली आणि तो गुडघ्यांवर वाकला. पांढरा ठिपका नखाने उकरला. "माझं पोतं," एवढंच म्हणाला. बापाला दोष नाही, दैवाला दोष नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बेल्जियमच्या कंत्राटदाराकडे नाव घातलं.

तेव्हा कुठे सांतेला वाचा फुटली. गिल्दोला हाताला धरून तो एल्विराबाईकडे घेऊन गेला. उस्तीनलाही ओढून नेलं, साक्षीला. दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून त्याने सगळं सांगितलं. इर्माचं दुखणं, गाडीवान, शेळी, कोंबड्या, रिकामा खड्डा, भट्टीवरचा वाया गेलेला घाणा.

"पोराच्या हातात खोट नाही, बाई," तो म्हणाला. "चुना माझा कच्चा होता. त्याला काम द्या. मला काय करायचं ते करा."

एल्विराबाईने हातातला रुमाल डोळ्यांना लावला.

"सांते," ती म्हणाली, "बापाने असंच असावं हो. पण माझ्या भावाने दुकानात चौकशी केलीय. पोतं कुणी नेलं ते आम्हाला ठाऊक आहे."

सांते उस्तीनकडे वळला. तू तरी सांग, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. उस्तीन मान हलवत होता. सांते, तू आणि पोराचा चुना विकशील? मी तीस वर्षं कुंपणापलीकडे राहतो, मला शिकवतोस? सांते ओरडला, की भिंतीतल्या शेकोटीजवळची जमीन बघा, तिथे पोत्यातला चुना गेलाच नव्हता, तिथेही पुळ्या आहेत. गिल्दो हळूच म्हणाला, एकाच हौदात कालवलं होतं बाबा, सगळीकडे गेला असणार. सांतेने इर्माची शपथ घेतली. गाडीवान कोण, तर नाव माहीत नाही. खड्डा दाखवतो म्हणाला, तर खड्ड्यात आता दाखवायला काय होतं? जितकं तो जीव तोडून सांगत गेला, तितकी त्या तिघांना त्याची दया येत गेली. उस्तीनने त्याला धरून बाहेर नेलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दारूच्या गुत्त्यात लोकांनी उठून सांतेला जागा दिली. कुणीतरी त्याच्यापुढे वाइनचा पेला ठेवला. बाप असावा तर असा, म्हणाले. पोराची अब्रू झाकायला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं. सांतेने पेला भिंतीवर फेकला. तेव्हाही लोक म्हणाले, राहू द्या, त्याच्या जिवाला लागलंय.

गिल्दो निघाला त्या सकाळी बापलेक बसच्या थांब्यावर उभे होते. खाणीवर जाणारी आणखी चार पोरं होती, त्यांच्या आया होत्या. गिल्दोने पेटी खाली ठेवली.

"एक बोलू का, बाबा? राग मानू नका," तो म्हणाला. "माझ्यासाठी खोटं बोललात, ते मी कधी विसरणार नाही. पण आईच्या दुखण्याला त्यात ओढायला नको होतं. तिने कधी कुणाचं काही खाल्लं नाही."

सांतेने पोराकडे पाहिलं. अजून एकदा सगळं सांगावं, इथे, या सगळ्या आयांसमोर, असं त्याच्या ओठांवर आलं. पण आता त्याला कळून चुकलं होतं. तो जितक्या वेळा खरं सांगेल, तितक्या वेळा पोराला वाटणार की बाप मेलेल्या आईला विकतोय.

"चुकलो रे," तो म्हणाला.

"असू द्या," गिल्दो म्हणाला. त्याने बापाला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "माझ्या मनात काही नाही."

बस आली. पोरं आपापल्या पेट्या घेऊन चढली आणि गिल्दोही त्यांच्यामागून चढला.