गाळलेला परिच्छेद

दर बुधवारी चार वाजता पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं मंडळ भरायचं. गीत, बायबलचा उतारा, प्रार्थना आणि मग कँटीनचा चहा. मी मंडळाची चिटणीस होते. नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या शाळेतून आलेली, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. हा मान मला फार मोठा वाटे.

मंडळातलीच खडकीची माझी मैत्रीण आणि मी जपानीच्या वर्गाला बरोबर जायचो. लेखी परीक्षेत मी तिच्या पुढे होते. मुलाखतीत ती हसून बोलली, मी घाबरून गप्प बसले. वर्षभर जपानमध्ये शिकायची शिष्यवृत्ती तिला मिळाली. पुणे स्टेशनवर तिला निरोप देताना मी रडले, पण ती चालली म्हणून नव्हे.

तिथल्या विद्यापीठातही तिला ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा क्लब सापडला. तिची पत्रं मंडळाच्या नावे यायची आणि ती मोठ्यानं वाचायचं काम चिटणिसाचं, म्हणजे माझं. क्लबला स्वतःची खोली आहे, दाराशी बूट काढून ठेवतात, दुपारच्या सुटीत सगळे आपापले डबे घेऊन येतात आणि बायबल वाचतात. मुलं सातच, पण नाताळात अख्ख्या विद्यापीठाला गाणी ऐकवतात.

"अगं, ते डब्यांचं परत वाच ना!" मुली म्हणायच्या. मी परत वाचायचे.

ऑक्टोबरच्या पत्रात तिनं लिहिलं, 'नाताळात मला आपलं मराठी गीत म्हणायचंय, आपल्या चिटणीसबाईंच्या आईनं चाल लावलेलं. तुम्ही सगळ्यांनी म्हणून कॅसेट पाठवा. इथली मुलं त्यावरून शिकतील.'

आई गावच्या दवाखान्यात झाडलोट करायची. ती चाल तिनं चर्चमधल्या बायकांसाठी बसवली होती. जपान हिला मिळालं, आता आईची चालही हिलाच? तो परिच्छेद गाळून मी पुढचा वाचला. आवाज जरासुद्धा बदलला नाही.

जानेवारीत पाकीट आलं. सगळ्यांसमोरच फोडलं. आधी कार्यक्रमपत्रिका हातात आली. जपानीत छापलेली. आमच्या गीताखाली, चाल लावणाऱ्याच्या जागी, आईचं नाव होतं. त्या वर्गात ते वाचता येणारी मी एकटीच. पत्रात होतं, 'कॅसेट पोचली नाही, टपालात हरवली असेल. मी एकटीच म्हटलं. तिसऱ्या कडव्यात अडखळले.'

हेही गाळता आलं असतं. पण आईचं नाव कसं गाळू? ते सांगायचं तर गीत तिथं कसं गेलं तेही सांगावं लागणार. मी सगळं वाचलं.

"कॅसेट? कसली कॅसेट?" ढोलकी वाजवणाऱ्या दादानं विचारलं.

"तिनं मागितली होती. मी ते वाचून दाखवलं नाही."

दादा म्हणाला, "मग चिटणीसबाई, आधी टपालखात्याची माफी मागा. टेपरेकॉर्डर मी आणतो."

पुढच्या बुधवारी कॅसेट भरली. तिसरं कडवं मी एकटीनं म्हटलं. सोबतच्या पत्रात खरं काय ते लिहिलं.

सुटीत गावी गेले तेव्हा आईला पत्रिका दाखवली, तिचं नाव कुठलं ते सांगितलं. नावावरून तिनं हलकेच बोट फिरवलं.

"ह्ये माझं नाव? कुणी छापलं गं?"

"माझ्या मैत्रिणीनं."

"लई गुणाची पोर हाय," आई म्हणाली.

खरंच होतं ते. तरी तिचं तेवढं कौतुकही मला सोसलं नाही.