होडीतली वीज आणि दसऱ्याचा हार

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. आमच्या ह्यांनी कोकणातून जुनी शिडाची होडी घेतली, टेम्पोत घालून भाटघर धरणाच्या पाण्यावर आणली आणि जाहीर केलं, "आता पाऊस सरला की थंडीभर होडीतच राहायचं."

राहा की! पण ह्यांचा झोपेत श्वास अडकतो. रात्रभर नाकाला मशीन लावावं लागतं, आणि मशीनला वीज लागते. पाण्यात कुठला आलाय विजेचा खांब? मी सरळ अट घातली. एक रात्र जरी मशीनला वीज कमी पडली, तरी होडी विकायची. हे कबूल झाले.

मग काय, घरात दुसरा विषयच नाही. टपावर एक सोलर पॅनल, खाली एक बॅटरी, आणि त्यात सगळा संसार बसवायचा. फ्रिज गेला. मिक्सरसाठी मी कडाकडा भांडले, तर ह्यांनी गुपचूप खलबत्ता आणून ठेवला. दिवा एकच. मोबाईल फक्त उन्हात चार्ज करायचा. पण सांगायला हरकत नाही, मशीन एक रात्रही बंद पडलं नाही.

मग दसरा आला. आधी दोन दिवस मळभ होतं, बॅटरी बरीच उतरली होती. पण दसऱ्याला लख्ख ऊन पडलं. आम्ही निर्धास्त होऊन भोरला नातेवाइकांकडे सोनं द्यायला गेलो. संध्याकाळी परत येऊन बघतो तर बॅटरी सकाळइतकीच उतरलेली! हे टपावर चढले. पॅनलवर आडवातिडवा, झेंडूचा भलामोठा हार. थोडी सावली पडली तरी पॅनल वीज देईनासं होतं, आणि इथं दिवसभर फुलांची गादी घातलेली!

काम वैनींचं, हे लगेच कळलं. ज्या शेतकऱ्यानं होडी बांधून ठेवायला आपला काठ दिला, त्याची बायको. मला असा संताप आला की हार पाण्यात भिरकावणार होते. तेवढ्यात हे हळूच म्हणाले, "अट ती अट. विकू या." एका शब्दानं भांडले नाहीत. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

मी वैनींच्या दारात गेले. गावातलीही लाईट गेलेली. "बॅटरी उतरलीय, रात्री ह्यांचं श्वासाचं मशीन चालायचं नाही. आम्ही पुण्याला घरी निघतो," एवढंच म्हटलं.

थोड्या वेळानं नवरा-बायको दोघं ट्रॅक्टरची बॅटरी उचलून धापा टाकत काठावर हजर. तिच्यावरही हळदकुंकू आणि झेंडू.

"अहो, उद्या तुमची नांगरट ना?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या वो ताई. ट्रॅक्टर काय, दुपारी चालू व्हईल. मानसाचा श्वास थांबून चालतोय व्हय?" वैनी म्हणाल्या. मग लाजत पुढं बोलल्या, "आन् आमी सकाळी तुमच्या यंत्राला हार घातलाय. बगितला का?"

जगाला वीज समजावून सांगणारे आमचे हे, खाली वाकून बॅटरीच्या वायरी जोडायला लागले. मीच म्हटलं, "बघितला. फार सुंदर होता."

ह्यांना शांत झोप लागली. होडी विकली नाही. त्या दोघांचे उपकार मी कुठल्या तोंडानं सांगू?

वैनींना अजून खरं माहीत नाही. यंदाच्या दसऱ्याला हार हातात घ्यायला मी सकाळपासून काठावर उभी होते.