आमच्या टेबलावरचे सिनेमावाले

साजगावच्या आमच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं डबा खाण्यात जातात आणि वीस मिनिटं एकमेकांना खाण्यात. इतकी वर्षं पॅकिंग खात्याच्या एकाच टेबलावर बसल्यावर किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोणच्याच्या तेलासारखे ते आपोआप डब्याबाहेर येतात आणि पुसावं तेवढे पसरतात.

सिनेमाचे किस्से सुरू झाले ते एचआरच्या नव्या मॅडममुळे. कंपनी वर्षातून एकदा आम्हाला सहलीला नेते. मॅडम पुण्याच्या, उत्साही. थेट टेबलाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही लोक सिनेमाला किती वेळा जाता? फारसे जात नसाल तर यंदा सगळ्यांना पनवेलला मल्टिप्लेक्सला नेऊ या!"

"फारसे जात नसाल" ऐकलं मात्र, आमचा स्वाभिमान खडबडून जागा झाला.

"दर शुक्रवारी!" मशीनवरचा बडेकर म्हणाला.

"म्हयन्यातून दोनदा तर नक्कीच," पळसदरीचे भोईरकाका म्हणाले.

"दर्जेदार असेल तरच," आमचे सुपरवायझर देशमुखसाहेब म्हणाले.

मीही मागे कशाला राहू? "आम्ही कर्जतकर मॅडम, सिनेमा आमच्या रक्तात," असं काहीतरी ठोकून दिलं.

खरं बोलल्या त्या एकट्या सविताताई. "लग्न झाल्यापासून एकदाबी नाय बघितला, मॅडम. जायचं लय हाय मनात." त्यांची मुलगी आता सातवीत आहे. नवरा म्हणतो लावणी झाली की जाऊ. लावणी झाली की म्हणतो गणपती होऊ देत. गणपती झाले की कापणी उभीच. कंपनीच्या सहलीला मात्र तो नाही म्हणू शकला नसता. म्हणून मॅडमचं बोलणं ऐकताना ताईंचा घास हातातच राहिला होता.

मॅडमनी आमचं ऐकलं आणि विचार केला, एवढे सिनेमे बघणाऱ्यांना आणखी सिनेमा कशाला? सहल गेली रिसॉर्टला. रिसॉर्ट कुठे? कर्जतला! मी सकाळी कर्जतहून साजगावला आलो, तिथून कंपनीच्या बसने कर्जतला गेलो, निसर्गाच्या सान्निध्यात कांदेपोहे खाल्ले, बसने साजगावला परतलो आणि संध्याकाळी घरी कर्जतला आलो.

सविताताई पुढे आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. चुकलं आमचंच होतं.

*

आता बडेकरचा "दर शुक्रवार" काय आहे ते ऐका. पहिला शो असतो सव्वादहाचा. बडेकर दहा वाजता चहाला येतो आणि सांगतो, "सेकंड हाफ स्लो हाय!"

हे सगळं ज्ञान मोबाईलवरचं. पण बोलण्याचा थाट असा, की निर्मात्याने याला विचारून पैसे घातले असावेत. एका शुक्रवारी तो एका नव्या सिनेमाच्या शेवटावर जाम भडकला होता. "हिरोला मारायची काय गरज व्हती? पब्लिक रडत बाहेर आली!"

देशमुखसाहेबांनी शांतपणे पेपर पुढे सरकवला. सिनेमा लागलाच नव्हता! ऐनवेळी तारीख पुढे ढकलली होती.

बडेकरने बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि म्हणाला, "बरं झालं. शेवट सुधारायला टाईम भेटला त्यांना!"

*

भोईरकाका मात्र खरंच जातात. एप्रिल-मे महिन्यात, एसीसाठी. घरी पत्रा तापतो, म्हणून काका पनवेल गाठतात आणि तिकीट खिडकीवर विचारतात, "सगळ्यात लांब कंचा हाय?"

एकदा खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, हा तीन तासांचा आहे. पण मारामारी खूप आहे."

"नको गं बाय, दचकायला व्हतंय. प्रेमाचा दे एखादा. त्यात हळू बोलतात."

त्या प्रेमाच्या सिनेमात नायिका निरोप घेत असताना शेजारच्या माणसाने काकांना हलवून उठवलं. "ओ काका, घोरताय तुम्ही!"

काकांनी खिशातून तिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं. "फुकट घोरतोय का?"

हा किस्सा काकांनी सांगितला तेव्हा सगळे हसले. सविताताई हसल्या नाहीत. "काका, झोपायचंच असंल तर पुढच्या टायमाला तिकीट मला द्या. मी जागी बसते."

*

याच काकांच्या गावात, पळसदरीच्या धरणावर, एकदा शूटिंग आलं होतं. आमच्या भागात शूटिंगचं काय अप्रूप नाही. अर्धा कर्जत तालुका कुठल्या ना कुठल्या सिनेमात मेलेला आहे. तर त्यांना गावकरी हवे होते. गावकरी आयतेच उभे होते, काका सगळ्यात पुढे.

दिग्दर्शकाने काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. टी-शर्ट, स्पोर्ट शूज, कानात ब्लूटूथ. "नाही, हे गावकरी वाटत नाहीत."

तिथे जन्म गेला त्या माणसाचा! शेवटी मुंबईहून गाडी भरून गावकरी आले. त्यांना धोतरं नेसवली, तोंडाला माती लावली. स्थानिकांपैकी एकटी काकांची म्हैस पसंत पडली.

सिनेमा लागला तेव्हा आख्खी आळी टेंपो करून गेली. आमचं धरण सिनेमात केरळात होतं. पण म्हैस दिसल्याबरोबर भोईरकाकू उभ्या राहून ओरडल्या, "अगं बया, आपली चंद्री!" थेटरात टाळ्या पडल्या.

काका त्या दिवशी जागे होते. चंद्रीचा सीन संपेपर्यंत.

*

देशमुखसाहेबांच्या दर्जाचीही गोष्ट सांगतो. निवडणुकीच्या आधी एका इच्छुक नेत्याने ऐतिहासिक सिनेमाचा फुकट शो ठेवला आणि खालापुरात घरोघर पास वाटले. साहेब टेबलावर कडाडले, "फुकट सिनेमा म्हणजे लाच! मी पाय ठेवणार नाही."

रविवारी मी गेलो, तर साहेब नेत्याने पाठवलेल्या पहिल्या गाडीतून उतरत होते. मागून वहिनी, मेव्हणे, मेव्हण्यांची सासुरवाडी. मला बघून म्हणाले, "इतिहासाला नाही म्हणता येत नाही हो."

नेत्याने पडद्यासमोर उभं राहून भाषण सुरू केलं. स्वतःच्या जन्मापासून सुरू केलं. ते संपेस्तोवर इतका उशीर झाला, की पुढच्या शोचे लोक दाराशी भांडायला लागले आणि थेटरवाल्याने मध्यंतरातच आम्हाला बाहेर काढलं.

सोमवारी मी मुद्दाम विचारलं, "साहेब, कसा वाटला?"

"पूर्वार्ध दर्जेदार!"

"आणि उत्तरार्ध?"

"छे, तिकीट काढून कोण बघणार?"

सविताताईंच्या घरीही पास आला होता. एकच होता, सासूबाई गेल्या.

*

यंदा मात्र कापणी झाली, झोडणी झाली, भात घरात आलं आणि सविताताईंच्या नवऱ्याकडे, मनोहरकडे, कारणच उरलं नाही. "रविवारी जाऊ," म्हणाला. आठवडाभर आमच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. साडी कुठली, केस मोकळे की वेणी, सगळं चर्चेत. बडेकरने तर सिनेमाचा शेवट सांगणार नाही अशी शपथ घेतली. लग्नाइतका उत्साह होता हो त्या बाईच्या तोंडावर!

सोमवारी ताई आल्या, डबा उघडला आणि भाजी वाढता वाढता सांगितलं.

रविवारी त्या नटून बाहेर आल्या तर दारात टेंपो. त्यात सासूबाई, जाऊ, दोन नणंदा आणि नणंदांची पोरं. मनोहर म्हणाला, "म्हटलं जातोय तर सगळेच जाऊ!"

पनवेलच्या मॉलमधल्या थेटरात तो मधोमध बसला, आईशेजारी. ताई कडेच्या खुर्चीवर, मांडीवर धाकट्या नणंदेचं तान्हं. दिवे गेले आणि त्याने भोकाड पसरलं. "सविता, जरा भायेर ने गं त्याला." नेलं. शांत झालं, आत आल्या. "सविता, पानी हाय का गं?" दिलं. "सविता, मोठ्याला शू लागलीय." मध्यंतरापर्यंत ताईंनी दाराच्या फटीतून एक गाणं तेवढं पाहिलं.

मध्यंतरात त्यांनी तान्हं मनोहरच्या मांडीवर ठेवलं. "जरा धरा, आले."

आणि बाहेर येऊन सरळ शेजारच्या पडद्याच्या दारातून आत गेल्या. तिथे साउथचा कुठला तरी सिनेमा नुकताच सुरू झाला होता. मधल्या रांगेत मधली खुर्ची रिकामी होती. ताईंनी फोन बंद केला आणि बसल्या.

बाहेर हा गोंधळ! मनोहर तान्ह्याला खांद्यावर टाकून मॉल पालथा घालतोय, नणंदा बायकांच्या बाथरूमची दारं वाजवतायत, सासूबाईंनी वॉचमनला धरलंय. सिनेमा कुणीच पुरा पाहिला नाही. दोन तासांनी शेजारच्या पडद्यावरची गर्दी बाहेर आली, त्यात ताई. डोळे पुसत, केस सारखे करत.

मनोहर धावत आला. "कुठं व्हतीस गं?"

"सिनेमाला."

"त्या परक्या भाषेतल्या? तुला काय कळलं त्यातलं?"

ताईंनी जरा आठवून पाहिलं. "आख्ख्या सिनेमात कुनी एकदाबी 'सविता' म्हनून हाक नाय मारली."