जावयाचे दोन दात

तानाबाई आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होती आणि शिवाजी पेठेत माझी शेजारीण. मी तिथंच प्राणिशास्त्र शिकवायचे. ती बेडूक असा आवळून धरायची की मुलं बेडकापेक्षा तिलाच घाबरायची. नवरा लवकर गेला. एका पगारावर तिनं लेकीला, प्रियदर्शनीला वाढवलं आणि गडमुडशिंगीच्या पिराजीला दिलं. पिराजी ट्रक चालवायचा आणि बायकोला बडवायचा. एकदा तिचा हात मोडला, एकदा बरगडी. ‘जिन्यावरनं पडले,’ असं पोरगी सांगायची. त्यांच्या घराला जिनाच नव्हता.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या अधिक महिन्यात तानाबाईनं रीतीप्रमाणं जावयाला जेवायला बोलावलं. पाय धुतले, तेहतीस अनारसे पुढ्यात ठेवले. मीही होते. पिराजीनं अनारसा चावला आणि कळवळून तोंड धरलं.

“दगड घालून तळलासा काय वो मामी?”

“आवो, जिभंवर इरघळत्यात की!”

“मग मी खोटं बोलतोय व्हय?” म्हणत त्यानं पितळी तांब्या उचलला आणि जेवण वाढत असलेल्या प्रियदर्शनीच्या कानशिलात हाणला. रक्त अनारशांवर उडालं. ती पडली तशी त्यानं पोटात लाथ घातली.

तानाबाई उठली. एक थप्पड डाव्या हाताची, दुसरी उजव्याची. पिराजीचे खालचे पुढचे दोन दात ताटात पडले.

“जावई देव असतोय गं, मारतीस कशाला?” दारातनं शेजारची बयाबाई किंचाळली.

“देवालाच चोपलाय. तूबी घे की परसाद!”

पिराजीनं दात रुमालात बांधले आणि तडक पोलीस ठाणं गाठलं. दात पाडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत. शिक्षा झाली की तानाबाईची नोकरी जाणार, आणि आता त्या पगारावर माहेरी आलेली प्रियदर्शनी आणि तिची दोन पोरं होती. पोरीच्या मोडलेल्या हाताची फिर्याद कुठंच नव्हती. दोन दात मात्र लाखेच्या शिक्क्याखाली बंद झाले.

ते दात मी ताटात नीट बघितले होते. मुळाच्या टोकापर्यंत काळंपिवळं कीटण, रक्त जेमतेम. धडधाकट दात असा अलगद सुटत नाही. “दंतवैद्याला दाखवायची मागणी करा,” मी तानाबाईचे वकील शशिधर यांना म्हटलं. त्यांना पटेना. मी चिडले.

“फुटबॉलच्या मॅचनंतर पेठेत दंगल झाली की दगड मारणारे पळतात आणि पोलिसांच्या लाठ्या पडतात दारातल्या सायकलींवर. हिरडीत तेच होतं. कीटणात जंतू साठतात. त्यांच्यावर शरीर पांढऱ्या पेशी सोडतं. त्या पेशी विकरं ओततात, एन्झाइम हो! दाताला हाडाशी बांधणारे कोलॅजनचे दोर ती विकरं कुरतडतात. जंतूंचीही विकरं असतात, पण जास्त नासधूस करतात ती शरीराची घरचीच. मागोमाग हाडही झिजतं. म्हणून तर त्याला अनारसा सोसला नाही.”

“पण हिरडीतनं कधी रक्त आलं नाही म्हणतोय तो.”

“विड्या ओढतो ना? तंबाखूचा धूर रक्त दाबून ठेवतो. माणसाला वाटतं, हिरडी घट्ट आहे.”

दोन वर्षांनी कोर्टात दंतवैद्य डॉक्टर विद्याश्रीनं दात आणि पिराजीच्या जबड्याचा एक्स-रे समोर ठेवून हेच सांगितलं. हाड निम्म्याहून जास्त गेलेलं होतं. शशिधर खूश, तानाबाई लालबुंद.

“म्हंजे मी नुसता हात लावला आन् पडलं? पेठेत त्वांड कसं दावू, बाई?”

“तोंड नंतर दाखव. आधी नोकरी वाचव,” मी म्हटलं.

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “मारलं का?”

“व्हय सायेब. दोन.”

“जोरात?”

तिनं पोरीकडं बघितलं. त्या तांब्यानंतर प्रियदर्शनीला एका कानानं ऐकू येत नव्हतं. ती दुसरा कान पुढं करून बसली होती. तानाबाईच्या मानेवरची शीर तटतटली.

“न्हाय सायेब,” ती म्हणाली. “हळूच.”

कोर्टात हशा पिकला. गंभीर दुखापत टिकली नाही. साध्या मारहाणीबद्दल समज देऊन तिला सोडलं. नोकरी राहिली. माझ्याशी मात्र ती महिनाभर बोलली नाही.

पुढच्या चार वर्षांत पिराजीचे बहुतेक दात एकेक करून गळाले. ही बातमी मी मोठ्या उत्साहानं तिला सांगायला गेले.

“आपसूकच?” तानाबाई म्हणाली. “मग काय उपेग!”