कापलेल्या कॅसेटचा फेर

देवकीला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्या कॅसेटमधली आठही गाणी तिच्या पायांना पाठ होती. तीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, दत्तारामने, ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणली. तो डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि डोळा लागू नये म्हणून नाचाची गाणी लावायचा. गाणी कुठल्या देशातली, याच्याशी मुळगावच्या बायकांना काय देणंघेणं? ठेका फुगडीला चपखल बसला, एवढं पुरे होतं. देवकीने त्या चालींवर सासूचे, उंदराचे, अंगणातल्या लाल धुळीचे शब्द रचले आणि दर गणेशचवथीला वाड्यातली सगळी घरं त्यावर घुमू लागली.

एकदा ट्रकमधल्या टेपने कॅसेट खाल्ली. दत्तारामने चुरगळलेला तुकडा कापून टोकं चिकटवली. चौथ्या गाण्यातले दहा-बारा ठेके गेले ते गेलेच. बायकांनी तिथे उडी घेऊन फेर पुढे नेला. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक भंगारात गेला, कॅसेटला बुरशी आली. गाणी मात्र हटली नाहीत. आजही लग्नात ती लागली की नवरीची मावशी भरलं ताट सोडून उठते. नवी गाणी दोन महिने डोकं उठवतात आणि जातात. ही राहिली, कारण यांच्यावर नाचायला कुणालाच शिकावं लागत नाही.

दत्ताराम जाऊन दीड वर्ष झालं. यंदा चवथीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, नात गौरवीने फोन स्पीकरला जोडला आणि फेर उभा राहिला. देवकी दाराशी बसली. विधवेने फेरात जायचं नाही, हा वाड्याचा रिवाज. तिला कुणी अडवलं नव्हतं. अडवावं लागतच नाही. पाय मात्र जागेवर राहत नव्हते.

चौथं गाणं आलं. जुन्या बायकांनी सवयीने उडी घेतली, मुली फोनबरोबर राहिल्या आणि फेर तुटला.

"तुमचा चुकता," गौरवी हसली. "फोनार तसा नाय."

"फोनार आसा ताच खरा," देवकी दारातून म्हणाली. "आमचा तुझ्या आजोबान कापलला."

गौरवीचं हसू मावळलं. तिने फोन बंद केला. "मग आमका आजोबाचाच होया. तू ये, शिकय." तिने हात पुढे केला. जुन्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण नको कुणी म्हणालं नाही.

देवकी उठली आणि थबकली. मागे तिची थोरली जाऊ, विमला, भिंतीला टेकून बसली होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती विधवा झाली, तेव्हा अशीच फेराजवळ आली होती. "वयनी, तू आता बस," असं सगळ्यांसमोर सांगणारी देवकीच होती. ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वयनी, तू पण ये गो."

विमलाने मान हलवली. आवाजात राग नव्हता. "तेव्हा बोलावला असतंस तर इलंय असतंय. आता गुडघे उठाक देनत नाय. तू जा."

देवकी गेली. रडत रडत नाचली, मुलींना उडी शिकवली. विमला दिसणार नाही अशी जागा ती शोधत होती. पण फेरच तो, दर वळणाला विमला समोर यायचीच.